बेळगावच्या गल्ल्यांतून कार्ट पळवायची तर: पहिला ट्रॅक बांधणाऱ्यांसाठी

रेल्वेचं दुसरं गेट पडलं की काँग्रेस रोडला गाड्यांची रांग लागते. इंजिनं बंद होतात, कुणी फोन काढतं, कुणी वाकून सायकल फाटकाखालून पलीकडं काढतं. मिरजेकडनं नाहीतर लोंढ्याकडनं गाडी धडधडत येऊन जाईपर्यंत सगळे एकाच दिशेला बघत उभे. अशाच एका रांगेत माझ्या भाच्यानं मागच्या सीटवरून विचारलं, "मामा, हे गेट गेममधी आलं तर?"

तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्यातून आम्ही दोघांनी मिळून कॉम्प्युटर गेममध्ये बेळगावचा एक कार्ट रेसिंग ट्रॅक, म्हणजे छोट्या गाड्यांच्या शर्यतीचा रस्ता, बांधला. बांधताना जे कळलं ते इथं पायरीपायरीनं लिहितोय. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल. साधा लॅपटॉप, माऊस आणि दोन-तीन महिन्यांच्या रविवारांची तयारी पाहिजे. निपाणी, खानापूर, चंदगडच्या बाजूच्या कुणाला आपल्या गावाचा ट्रॅक करायचा असला तरी हीच रीत लागू पडते.

खऱ्या शहरांचे ट्रॅक कसे असतात

कार्ट रेसिंगमध्ये खऱ्या शहरांची लाट आली ती निन्टेंडोच्या 'मारिओ कार्ट टूर' या फोनवरच्या गेममुळं. हा गेम सप्टेंबर २०१९ मध्ये आला आणि पहिलंच शहर होतं न्यूयॉर्क. पुढं टोकियो, पॅरिस, लंडन, बर्लिन, सिडनी, सिंगापूर, बँकॉक अशी रांगच लागली. नंतर २०२२ आणि २०२३ मध्ये निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवरच्या 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'ला सहा टप्प्यांत ४८ ट्रॅक जोडले गेले, त्यांत यातली बरीच शहरं फोनवरून टीव्हीच्या पडद्यावर आली. पहिल्या टप्प्यातला पहिला ट्रॅक पॅरिसचा.

हे ट्रॅक नुसते खेळू नका, बघा. पॅरिसच्या ट्रॅकमध्ये रस्ता आयफेल टॉवरच्या पायांखालून जातो, आणि शेवटच्या फेरीत तिथल्या विजयकमानीला वळसा घालून तुम्ही उलट दिशेनं परत येता, त्यामुळं मागं राहिलेले गडी समोरून अंगावर येतात. टोकियोची शर्यत खाडीवरच्या रेनबो पुलावर सुरू होते. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये गाड्या सरळ कालव्याच्या पाण्याखाली जातात. यातला एकही ट्रॅक त्या शहराचा नकाशा नाही. पॅरिस माहीत असलेल्या माणसाला तिथले रस्ते एकमेकांना भलत्याच जागी जोडलेले दिसतील. तरी एक चक्कर मारली की हे पॅरिस आहे याबद्दल शंका राहत नाही. माझ्या मते या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि मला ती उशिरा कळली.

मारिओ कार्टमध्ये आपल्याला स्वतःचा ट्रॅक घालता येत नाही. म्हणून आपण 'सुपरटक्सकार्ट' घेणार आहोत. हा गेम पूर्ण फुकट आणि मुक्त स्रोताचा, म्हणजे आतला कोड सगळ्यांना खुला असलेला, आहे. विंडोज, लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइड सगळीकडं चालतो. २०१९ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, तेव्हापासून नेटवर एकमेकांशी शर्यतही लावता येते. महत्त्वाचं म्हणजे त्याचे ट्रॅक 'ब्लेंडर' या तितक्याच फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनतात, आणि तुमचा ट्रॅक गेममध्ये घालायला कुणाची परवानगी लागत नाही.

आधी आठवडाभर खेळा

गेम उतरवून घ्या आणि बांधायची घाई न करता खेळा. त्यात 'कँडेला सिटी' नावाचा रात्रीच्या शहराचा ट्रॅक आहे, तो टाइम ट्रायलमध्ये एकट्यानं दहा वेळा फिरा. पहिल्या चार-पाच चकरांत गाडी आवरणं शिकाल. घसरत वळण घ्यायचं, घसरण पुरेशी लांबली की सोडल्यावर मिळणारा धक्का पकडायचा, नायट्रो, म्हणजे जादा वेग देणारं इंधन, कुठं वाचवायचा आणि कुठं ओतायचा. त्यानंतरच्या चकरांत गाडीकडं लक्ष न देता रस्त्याकडं द्या. रस्ता किती रुंद आहे? वळण येतंय हे किती आधी कळतं? कशावरून कळतं, दिव्यावरून, भिंतीवरून की बाणाच्या पाटीवरून? मान वर करून इमारतीकडं बघायला वेळ कुठं मिळतो? वहीत टिपून ठेवा. मी हे टिपण केलं नव्हतं, आणि पुढं सगळं दोनदा करावं लागलं.

मग तोच ट्रॅक उलट दिशेनं चालवा, गेममध्ये तशी सोय आहे. चढ उतार होतो, सोपं वळण आंधळं होतं. चांगला ट्रॅक दोन्हीकडून चांगला लागतो.

नकाशा बाजूला ठेवा, घरच्यांना विचारा

माझा पहिला प्रयत्न असा होता. ओपनस्ट्रीटमॅप या नेटवरच्या नकाशावरून शहराचे रस्ते जसेच्या तसे मापात उतरवले. गोगटे सर्कलपासून तिसऱ्या गेटपर्यंतचा काँग्रेस रोड पूर्ण लांबीचा, गणपत गल्ली खरोखर जेवढी रुंद तेवढीच. दोन महिने गेले. चालवून बघितलं तर काँग्रेस रोडवर बोट एका बटणावर दाबून नुसतं बसून राहायचं, आणि गल्लीत शिरल्यावर आठ गाड्या एकमेकींत अडकून ठप्प. भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, ह्यात बेळगाव कुठं हाय?" सगळं मापात होतं, पण त्याचं म्हणणं खरं होतं.

मग मी तो सगळा नकाशा बाजूला ठेवला आणि घरात प्रत्येकाला एकच विचारलं: डोळे मिटून बेळगावची चक्कर मारायची, वाटेत काय दिसतं ते सांगायचं. आई म्हणाली, कपिलेश्वराचं तळं, गणपती विसर्जनाच्या रात्रीचं. वडील म्हणाले, किल्ल्याचा खंदक आणि कॅम्पातली मोठी झाडं. बहिणीनं खडे बाजारातली खरेदीची गर्दी सांगितली. भाच्याचं उत्तर ठरलेलं होतं, गेट. एकानंही रस्त्याचं नाव घेतलं नाही. तुम्हीही हेच करा. चार-पाच जणांना विचारा, जी ठिकाणं दोनदा येतील त्यांच्याखाली रेघ मारा. पाच-सहा पुरेत. दहा घेतलीत तर एकही लक्षात राहत नाही.

आता दुसरी वही काढा आणि प्रत्येक ठिकाणापुढं लिहा की तिथं गाडी कशी चालेल. ही पायरी कुणी वगळू नये. ठिकाण सुंदर असेल, पण चालवायला काही देत नसेल तर ते रस्त्यात न घेता लांब क्षितिजावर ठेवा. आमची यादी अशी झाली:

काँग्रेस रोड म्हणजे सरळ धाव, एका कडेला रेल्वेचे रूळ. शर्यत इथंच सुरू होते, म्हणजे सगळ्यांना गती घ्यायला जागा मिळते. वाटेत काँग्रेस विहीर आणि वीर सौध येतात. १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या काँग्रेस अधिवेशनाची ही आठवण, आणि गांधीजी अध्यक्ष असलेलं तेवढं एकच अधिवेशन.  ही दोन्ही आम्ही वळणाच्या आधी दिसतील अशी बसवली.

दुसरं गेट म्हणजे काटकोनातलं वळण आणि मधे धावती रेल्वे. इथं धोका पत्करायचा की थांबायचं हा निर्णय खेळणाऱ्यावर.

टिळकवाडी आणि गोवावेस आम्ही दोन हलक्या वळणांत उरकले. तिथं राहणारे माझे मित्र नाराज झाले. पण दोन अवघड जागांच्या मधे दम घ्यायला सोपा तुकडा लागतोच.

कपिलेश्वर उड्डाणपूल म्हणजे चढ, आणि माथ्यावर उडी. उडी मारताना खाली तळं आणि देवळाचं शिखर दिसलं पाहिजे. पुलाचा माथा खऱ्यापेक्षा बराच टोकदार केला, कारण गोलसर माथ्यावर गाडी उडत नाही.

मग गणपत गल्ली आणि खडे बाजार. नागमोडी, दोन्हीकडं दुकानं, वर पताका. खरी रुंदी ठेवून चालत नाही हे अनुभवानं कळलं होतं. म्हणून रस्ता रुंद ठेवला आणि दुकानं उंच केली. उंच भिंतीमधला रुंद रस्ताही डोळ्यांना अरुंदच वाटतो. शिवाय पताका खाली ओढल्या. गल्लीत शिरल्यासारखं वाटतं आणि गाड्याही अडकत नाहीत.

किल्ला म्हणजे खोल उतार. दरवाजापाशी न जाता गाडी खंदकात उतरते आणि पलीकडं वर येते. अ‍ॅम्स्टरडॅमच्या कालव्यावरून सुचलेली ही युक्ती. तिथून राणी चन्नम्मा सर्कलचा वळसा, घसरण धरून ठेवायला सगळ्यात उत्तम जागा. आणि कॅम्पातल्या झाडांच्या सावलीतून पुन्हा गोगटे सर्कल.

खऱ्या नकाशावर ही चक्कर काही किलोमीटरांची आहे. ट्रॅकमध्ये ती साधारण ११०० मीटरची झाली. सुपरटक्सकार्टमध्ये गाडी सेकंदाला वीस-पंचवीस मीटरच्या आसपास पळते, म्हणजे एक फेरी पन्नास सेकंदांच्या घरात. नवख्यानं पहिला ट्रॅक याहून लांब करू नये. लांबी वाढली की सजावट वाढते, आणि सजावटीतच माणूस थकून काम सोडतो.

वही घेऊन चालत जा

रविवारी सकाळी लवकर, दुकानं उघडायच्या आधी, ठरलेल्या वाटेनं पायी फिरा. फोनमध्ये इमारतींचे नव्हे, पृष्ठभागांचे फोटो काढा. जांभ्या दगडाची भिंत, मंगळुरी कौलं, रंग उडालेलं लाकडी दार, फरशी, चिखलाचा डाग पडलेला डांबरी तुकडा. कॅमेरा भिंतीला अगदी सरळ समोर धरा आणि ऊन तिरपं नसताना काढा, नाहीतर फोटोतली सावली भिंतीला चिकटून राहते. ढगाळ दिवस सगळ्यात चांगला, आणि जून ते सप्टेंबर बेळगावात ढगांना तोटा नाही.

दोन गोष्टी पाळा. कॅम्प आणि किल्ल्याच्या काही भागांत लष्कराच्या जागा आहेत, तिथं फोन खिशातच ठेवा. त्या जागा आठवणीतून काढा, झाडं आणि कंपाउंडची भिंत एवढं पुरतं. दुसरं, देवस्थानाच्या आत ट्रॅक नेऊ नका. किल्ल्यात १२०४ सालचं कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, १५१९ सालची साफा मशीद आहे. आमच्या ट्रॅकमध्ये त्या तटामागून दिसतात, त्यांच्या अंगणातून गाड्या जात नाहीत. कपिलेश्वराचंही तसंच. हा नियम गेमचा नाही, आम्ही घालून घेतलेला आहे. पण गावातली माणसं हा ट्रॅक आनंदानं खेळावीत असं वाटत असेल तर तुम्हीही घालून घ्या.

ब्लेंडरमध्ये रस्ता टाकणं

सुपरटक्सकार्टच्या निर्मात्यांनी ब्लेंडरसाठी एक अ‍ॅड-ऑन, म्हणजे वरून जोडायचा भाग, दिलेलं आहे. ते ब्लेंडरच्या ठराविक आवृत्त्यांवरच नीट चालतं. म्हणून आधी अ‍ॅड-ऑनच्या पानावर कुठली आवृत्ती लिहिलीय ते बघा आणि तीच ब्लेंडर घ्या. जुन्या आवृत्त्या ब्लेंडरच्या साइटवर मिळतात. अ‍ॅड-ऑन बसल्यावर सीनच्या सेटिंगमध्ये सुपरटक्सकार्टचा भाग दिसू लागतो. तिथं हा ट्रॅक आहे असं निवडा, नाव द्या, फोल्डरचं नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि मधे जागा न सोडता द्या.

ब्लेंडर उघडल्यावर पहिल्या दिवशी बटणांच्या गर्दीनं डोळे फिरतात. या कामाला त्यातली मोजकीच लागतात. जी दाबून हलवायचं, एस दाबून लहानमोठं करायचं, आर दाबून फिरवायचं, ई दाबून पुढं ओढायचं, टॅब दाबून आतल्या बिंदूंवर जायचं. आठवडाभर एवढंच करा.

रस्ता असा बनतो. वरून बघण्याच्या कोनात या आणि एक बेझिए वक्ररेषा टाका. वहीतल्या चकरेप्रमाणं ती वळवत पुढं ओढत न्या आणि शेवटी ऑल्ट धरून सी दाबून बंद करा. मग एक सपाट चौकोन घ्या, पंधरा मीटर रुंद आणि चार-पाच मीटर लांब. ब्लेंडरमधलं एक एकक म्हणजे गेममधला एक मीटर. या चौकोनाला आधी अ‍ॅरे मॉडिफायर (ओळीनं नकला काढणारी सोय) लावा, त्यात लांबी वक्ररेषेप्रमाणं ठेवा आणि मर्जची खूण करा. त्याखाली कर्व्ह मॉडिफायर लावून तीच रेषा दाखवा. चौकोन एकामागं एक लागत जाऊन रस्ता तयार होतो. वळणांवर तो जिलबीसारखा पिळला गेला तर वक्ररेषेच्या सेटिंगमध्ये ट्विस्टचा प्रकार झेड-अप करा. माझे तीन दिवस या एका गोष्टीत गेले होते.

उंची शेवटी द्या. आधी सगळं सपाट चालवून बघा, वळणं पटली की मगच पुलाचे बिंदू वर आणि खंदकाचे खाली ओढा. रस्ता एकदा पक्का झाला की मॉडिफायर लागू करा. सुरुवात आणि शेवट जिथं भेटतात तिथं थोडी फट राहते, ती हातानं जुळवा.

गेमला रस्ता कळतो तो ड्रायव्हलाइनमुळं

नवखे इथंच अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो. तुम्ही काढलेला रस्ता गेमला फक्त जमीन म्हणून दिसतो. शर्यत कुठून कुठं जाते हे सांगायला ड्रायव्हलाइन नावाची वेगळी वस्तू द्यावी लागते. ती खेळताना दिसत नाही, पण कॉम्प्युटरच्या गाड्या तिच्यावरून चालतात, कोपऱ्यातला छोटा नकाशा तिच्यावरून बनतो, कोण पहिलं आणि कोण पाचवं हे तिच्यावरून ठरतं, आणि कुणी खंदकात पडलं तर त्याला उचलून तिच्यावरच आणून ठेवलं जातं.

ड्रायव्हलाइन म्हणजे दोन समांतर रेघा, रस्त्याची डावी कड आणि उजवी कड. दोन्हींवर बिंदूंची संख्या अगदी सारखी पाहिजे. एकीकडं एक बिंदू जास्त झाला तरी एक्स्पोर्ट करताना, म्हणजे ट्रॅक ब्लेंडरमधून गेममध्ये पाठवताना, चूक दाखवतं. सोपा मार्ग असा की तयार रस्त्याच्या दोन्ही कडा ऑल्ट धरून क्लिक करून निवडा, शिफ्ट-डी करून त्यांची नक्कल काढा आणि पी दाबून वेगळ्या करा. बिंदू आपोआप सारखे येतात. मग सुरुवातीच्या जागी दोन्ही रेघांना एकेक छोटी शेपटी जोडा, तिला अँटेना म्हणतात. शर्यत कुठून सुरू होते ते तिच्यावरून ठरतं. शेवटी वस्तूच्या सेटिंगमध्ये तिचा प्रकार मुख्य ड्रायव्हलाइन असा निवडा.

याच्या जोडीला चेक लाइन. रस्त्यावर आडवी टाकलेली ही अदृश्य रेघ ओलांडल्याशिवाय फेरी मोजली जात नाही. निदान एक तरी पाहिजेच. आमच्या पहिल्या चाचणीत ती नव्हती. भाच्यानं सुरुवातीच्या रेषेवरच गाडी पुढंमागं केली आणि तीन फेऱ्या झाल्या! आता आमच्या ट्रॅकवर दोन आहेत, एक उड्डाणपुलाच्या पायथ्याशी आणि दुसरी चन्नम्मा सर्कलच्या आधी. रेघ रस्त्यापेक्षा बरीच रुंद ठेवा, कारण घसरत कडेनं जाणारी गाडी तिच्या बाहेरून गेली तर बिचाऱ्याची फेरी फुकट जाते.

करड्या रस्त्यावर शर्यत लावा

एवढं झालं की एक्स्पोर्ट करा आणि खेळा. एकही घर नाही, झाड नाही, सगळं करडं. मजा येते का ते आता बघायचं. या अवस्थेत मजा आली नाही तर दुकानं आणि देवळं लावून येणार नाही.

आम्ही करड्या ट्रॅकवर तीन रविवार काढले. एकटे फिरलो, मग कॉम्प्युटरच्या सात गाड्यांबरोबर, आधी सोप्या पातळीवर आणि मग अवघड. कॉम्प्युटरच्या गाड्या एखाद्या जागी सारख्या धडकत असतील तर चूक बहुतेक रस्त्यात असते. खंदकाच्या चढावर आमच्या गाड्या हवेत जाऊन थेट तटावर आदळत होत्या. उतार लांब केला, तळ सपाट केला, तेव्हा सुटलं. गोवावेसच्या वळणावर कुणालाच ब्रेक लावावा लागत नव्हता, ते तसंच सोडलं. गल्लीत मात्र दोन वळणांच्या मधलं अंतर वाढवलं, कारण एक घसरण सोडून दुसरी धरायला निदान सेकंदभर हवा.

मग बेळगाव उभं करा

सजावटीत वेळ कसाही निघून जातो, म्हणून क्रम धरा. आधी जी ठिकाणं घरच्यांनी सांगितली ती. मग वळणांपाशी दिसणाऱ्या वस्तू. बाकी सगळं शेवटी.

दुकानांसाठी चारच नमुने बनवा आणि ऑल्ट-डी करून त्यांच्या जोडनकला टाकत जा. साध्या नकलेपेक्षा त्यांनी ब्लेंडरची फाइल हलकी राहते, आणि मूळ दुकान सुधारलं की सगळी सुधारतात. फिरवून, उंची थोडी बदलून लावली की गल्ली भरलेली दिसते. भिंतींचे फोटो गिम्प या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये चौरस कापून ५१२ किंवा १०२४ पिक्सेलच्या मापात ठेवा. एखादी भिंत ब्लेंडरमध्ये दिसते आणि गेममध्ये गायब होते, तेव्हा तिची बाजू उलटी असते. फेस ओरिएंटेशन चालू करा, लाल दिसेल ती बाजू शिफ्ट-एन दाबून फिरवा.

पाट्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बाजारातून फिरताना कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही दिसतात. ट्रॅकमध्येही तिन्ही ठेवा. आमच्या खडे बाजारातल्या कन्नड पाट्या माझ्या एका कन्नड मित्रानं लिहून दिल्या आणि मराठी शुद्धलेखनाची एक चूकही त्यानंच दाखवली. खऱ्या दुकानाचं नाव किंवा कंपनीचं चिन्ह मात्र वापरू नका. 'कुंदा', 'मांडे', 'बांगड्या', 'वह्या-पुस्तकं' अशा नुसत्या मालाच्या पाट्या रंगवा. त्या वाचायला वेळ लागत नाही, आणि वेगात जाताना दोन-तीन अक्षरंच डोळ्यात भरतात.

दिवसाचा प्रहर एकच निवडा. आम्ही पाऊस नुकताच थांबलेली संध्याकाळ घेतली, ओला रस्ता आणि दुकानांचे पिवळे दिवे. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची रात्रही मनात होती, पण उभे चित्ररथ गल्लीत लावून बघितले तर वाट बंद होते. एक चित्ररथ चन्नम्मा सर्कलच्या कडेला लावला, तो तिथं शोभतो.

गेट

आता ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं ते. रेल्वे म्हणजे ब्लेंडरमधली एक वस्तू, तिला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवायचं. एका फ्रेमवर सुरुवातीची जागा नोंदवा, दुसऱ्या फ्रेमवर शेवटची, आणि मधली चाल एकसारखी ठेवा, नाहीतर गाडी सुरुवातीला रेंगाळून मधेच सुसाट सुटते. अ‍ॅड-ऑनच्या सेटिंगमध्ये ती हलती वस्तू आहे आणि कार्टनं तिला धडक दिली तर काय व्हावं हे निवडता येतं. आम्ही धडकलेल्याला उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवायचं निवडलं, तेवढी शिक्षा पुरे.

वेळेचं गणित महत्त्वाचं. रेल्वे सतत येत राहिली तर ते भिंतीसारखंच झालं, आणि फार क्वचित आली तर कुणाला भेटतच नाही. आमची रेल्वे साधारण वीस सेकंदांनी येते आणि चार सेकंद वाट अडवते. फेरी पन्नास सेकंदांची असल्यामुळं लागोपाठच्या दोन फेऱ्यांत ती वेगवेगळ्या क्षणी भेटते. गाडी येण्याआधी तीन सेकंद फाटकाचा दांडा खाली येतो आणि लाल दिवा लागतो. इशारा नसेल तर खेळणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. दांड्याला धडक लागत नाही, तो नुसता दिसतो. त्याच्याखालून निघायचं धाडस ज्याचं त्यानं करावं, खेळात.

शेवटच्या फेरीत वाटच बदलायची, मारिओ कार्टच्या शहरांसारखी, असं तुमच्याही मनात येईल. सुपरटक्सकार्टमध्ये स्क्रिप्ट लिहून असलं काही करता येतं. पहिल्या ट्रॅकमध्ये त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याऐवजी गेट टाळणारी एक लांबची वाट कायमची उघडी ठेवा आणि तिला जोडीची ड्रायव्हलाइन द्या. थांबायचं की वळसा घालायचा, हा बेळगावकरांचा रोजचाच प्रश्न ट्रॅकमध्येही येतो.

वस्तू ठेवणं आणि वाटणं

भेटवस्तूंचे खोके, नायट्रो आणि गाडीला त्रास देणारी केळी अ‍ॅड-ऑनच्या यादीतून थेट टाकता येतात. खोके चारच्या ओळीत आणि सरळ तुकड्यांवर. नायट्रो अवघड जागी, म्हणजे गल्लीच्या आतल्या कडेला आणि खंदकाच्या तळाशी. केळी थोडी, आणि आंधळ्या वळणामागं एकही नको.

ट्रॅक इतरांना द्यायचा तर सोबत परवान्याची फाइल लागते. सुपरटक्सकार्टच्या साइटवर वाटायच्या ट्रॅकमध्ये सगळं मुक्त परवान्याचंच, म्हणजे कुणीही वापरावं आणि वाटावं असं, असावं लागतं. आपण काढलेले फोटो आपले, नेटवरून उचललेले नाहीत. म्हणून कुठला फोटो कुठून आला हे पहिल्या दिवसापासून वहीत लिहा. सहा महिन्यांनी आठवत नाही.

पाठवण्याआधी एक चाचणी बाकी राहते. ज्याला तुम्ही काही सांगितलेलं नाही अशा माणसाच्या हातात ट्रॅक द्या, ट्रॅकचं नाव झाका, आणि मागं उभं राहून गप्प बघा. कुठं अडखळतो, कुठं मान वाकडी करतो, सगळं टिपा, एक शब्दही बोलू नका. आम्ही आईला बसवलं. तिला बटणं धड कळत नव्हती, गाडी रूळांपाशी येऊन थांबली होती, आणि लाल दिवा लागला.

"गेट पडलं की," आई म्हणाली आणि बटणावरचं बोट काढून घेतलं.